रशियन निसर्गचित्रं पाहताना या चुका टाळा

बर्फ दिसला की ‘उदास’ असा शेरा मारून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. अलेक्सेई साव्रासोव यांचं ‘रूक पक्षी परत आले’ (१८७१) बघा. वाकडीतिकडी बर्चची झाडं, मळकट बर्फ, मागे चर्च, वर करडं आभाळ. पण बर्फ मळकट का? वितळतोय म्हणून! उजवीकडे पाणी साचलंय, फांद्यांवर घरट्यांची लगबग आहे आणि बुंध्याशी एका पक्ष्याच्या चोचीत चक्क काटकी आहे. कावळ्याच्या कुळातले हे पक्षी तिकडे हिवाळा सरताना परततात. म्हणजे चित्र आनंदाच्या बातमीचं आहे. आधी ऋतू ओळखा, भाव मागाहून ठरवा.

आयझॅक लेविटान यांच्या ‘व्लादिमिर्का’ (१८९२) बाबतीत नेमकं उलटं होतं. ‘छान मोकळं माळरान’ म्हणून लोक पुढे सरकतात. व्लादिमिर्का म्हणजे मॉस्कोहून पूर्वेला जाणारा रस्ता. बेड्या घातलेल्या कैद्यांना याच वाटेने पायी सैबेरियाला नेत. चित्रात कैदी एकही नाही. आहेत त्या रस्त्यालगत पावलांनी तुडवून झालेल्या पायवाटा. नाव आणि त्यामागचा इतिहास ठाऊक नसेल, तर अर्धं चित्र निसटतं.

पण म्हणून दिसेल त्या झाडात प्रतीक शोधत सुटू नका. शिश्किन यांच्या ‘पाइनच्या जंगलातली सकाळ’ (१८८९) मधल्या अस्वलांत ‘शिश्किनचा आत्मा’ शोधणाऱ्यांची पंचाईतच आहे: ती अस्वलं मुळात कोन्स्तान्तिन साव्हित्स्की यांनी रंगवली.

चित्रकाराच्या चरित्रावरून चित्राचा मूड ठरवणंही धोक्याचं. १८९५ मध्ये लेविटान नैराश्याने पार खचले होते. ‘मार्च’ आणि ‘सोनेरी शरद’ ही त्यांची उजळ, प्रसन्न चित्रं त्याच वर्षातली.

आणि मोबाइलवर बघून निकाल देऊ नका. ‘शाश्वत शांततेवर’ (१८९४) हे लेविटानचं चित्र दोन मीटरहून रुंद आहे. छोट्या पडद्यावर फक्त ढग आणि पाणी उरतं, मग अर्थ निघतो तो मरणाचाच. मोठी प्रत उघडून डावीकडच्या टेकाडावरचं लाकडी चर्च झूम करा, खिडकीत उजेडाचा ठिपका दिसेल. मात्र ती जागा नकाशावर शोधायला जाऊ नका: तळं उदोम्ल्या भागातलं, चर्च व्होल्गाकाठच्या प्लयोसमधलं.