पणजीत एकच दिवस आहे? मग या चुका टाळा

एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याच्या मोबाईलमध्ये यादी असतेच. कळंगुट, आग्वाद, जुनं गोवं, मंगेशी, दोनापावला, संध्याकाळी क्रूझ, आणि "जमलं तर" दूधसागर. हे "जमलं तर" इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. दूधसागर पार कुळ्याच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीजवळ. तिथे जीपचा नंबर लागेस्तोवर अर्धा दिवस जातो आणि पावसाळ्यात जीप बंदच असतात. गोवा लहान आहे म्हणे. आहे ना, नकाशावर.

गेल्या हंगामात आतेभावाचे साडू कोल्हापूरहून सहकुटुंब आले. स्वतःची गाडी, हातात यादी. मी फोनवर सांगितलं, पणजी आणि जुनं गोवं एवढंच करा. "अहो दादा, एवढ्या लांबून यायचं आणि नुसती पणजी?" ठीक आहे म्हटलं. सकाळी कळंगुटला गेले, पोरं बारा वाजेपर्यंत पाण्यातून बाहेर यायला तयार नाहीत. मग भर उन्हात आग्वादचा किल्ला. जेवायला बसले साडेतीनला, तोवर हॉटेलवाल्याने शेगडी बंद केलेली. वेफर्सवर भागवलं. पर्वरीला आले तर नकाशाने गाडी अटल सेतूवर घातली. तो पूल 2019 साली झालाच मुळी पणजीची गर्दी टाळून पलीकडे जाणाऱ्यांसाठी, त्यामुळे पणजी खाली राहिली आणि हे मेरशीला उतरले. आता इथवर आलोच आहोत तर मंगेशी आधी करू, जुनं गोवं वाटेवरच आहे, परतताना बघू, असं ठरलं. परतताना पावणेसात वाजले होते. जुन्या गोव्यातलं बॉम जेझस चर्च साडेसहाला बंद होतं. भाचीच्या फोनमध्ये बासिलिकेच्या बंद दाराचे चार फोटो आहेत, चारही छान आलेत. रात्री क्रूझच्या जेटीवरून साडूंचा फोन: "दादा, पणजी नेमकी कुठे लागते हो?"

पणजीतच, पुलाखाली उभं राहून विचारत होते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी यादी करूच देत नाही. पणजीचा दिवस दुपारी मधोमध मोडतो, हे आधी मान्य करायचं. एकच्या सुमाराला दुकानांची शटर्स खाली येतात ती साडेतीन-चारला वर जातात. त्या वेळात तुम्ही अठरा जून रस्त्यावर घाम पुसत फिरलात तर त्यात पणजीचा दोष नाही. मी पाहुण्यांना साडेसातला मळा आणि फोंताईन्हास या पणजीतल्या जुन्या वस्त्यांत नेतो, साडेनऊपर्यंत जुन्या गोव्यात. एकच्या आत परत, जेवण, आणि मग सरळ आडवं व्हायचं. चारनंतर पुन्हा बाहेर. "झोपायला आलोय का गोव्यात?" असं विचारणारा तरुण पाचला डोकं धरून बसलेला असतो.

जुन्या गोव्याला रविवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना चालू असते. बिनबाह्यांचे कपडे, आखूड चड्ड्या घालून तर कधीच नको. दारात अडवलं की तिथल्या तिथे ओढणी शोधावी लागते. आणि बॉम जेझसला गिलावा का नाही म्हणून हळहळू नका. 1605 सालची ती वास्तू आहे, गिलावा विसाव्या शतकात मुद्दाम काढला, आणि उघड्या जांभ्या दगडाला पावसाचा मार बसतो ही चिंता अजून संपलेली नाही. समोरच्या 'से कॅथेड्रल' या चर्चला एकच मनोरा का, तेही गाईड न करता कळेल: दुसरा 1776 मध्ये पडला.

आता माझं आवडतं दुखणं. फोंताईन्हास म्हणजे सिनेमाचा सेट नव्हे, तिथे माणसं राहतात. एका सकाळी प्रीवेडिंगवाल्यांनी गल्लीच्या तोंडाशी स्टँड लावला होता. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल धरून थांबलेला, पाठीमागच्या टोपलीतले पाव निवत चाललेले. फोटोग्राफरने एका घराच्या पायरीवरची शेवंतीची कुंडी उचलून बाजूला ठेवली, फ्रेममध्ये येत होती म्हणून. घरातली मावशी बाहेर आली, काही न बोलता कुंडी जागेवर ठेवली. आत गेली. त्याने पुन्हा हलवली. ती पुन्हा आली. तिसऱ्या वेळी ती कुंडीशेजारी पायरीवर बसूनच राहिली, पेपर उघडून. नवरीला तासभर थांबावं लागलं आणि मला फार बरं वाटलं. घराच्या पायरीवर बसायचं नाही, बेल वाजवून पळायचं नाही, खिडकीतून आत कॅमेरा घालायचा नाही. हे लिहावं लागतं, काय सांगायचं! भिंतींच्या रंगापेक्षा तिथल्या सेंट सेबेस्टियन कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, जा. आतला क्रूस इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला आहे आणि त्यावरच्या येशूची मान खाली नाही, डोळे उघडे आहेत. सकाळच्या मिस्सेला उघडं असतं, हे साडेसातला जाण्याचं आणखी एक कारण.

बाकीच्या चुका पटापट. पांढऱ्या नंबरप्लेटची स्कूटर भाड्याने घेऊ नका. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पोलीस लांबून ओळखतात. अटल सेतूवर दुचाकीला मनाई आहे, नकाशा काहीही म्हणो. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल म्हणजे पायलट, मागे बसवून नेणारी टॅक्सी. भाडं बसण्याआधी ठरवा, उतरल्यावर नाही. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा "ताजा इसवण (सुरमई) आहे ना?" असं विचारून वेटरला खोटं बोलायला लावू नका. आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या निळ्या फरश्या सगळे चुकवतात. दहा मिनिटांचं काम आहे. रविवारी बाजार म्हणून पणजीत येऊ नका.

क्रूझबद्दल माझं मत कोणाला पटत नाही. स्पीकरच्या भिंतीसमोर पैसे देऊन मांडवी बघण्यापेक्षा मी सूर्यास्ताला बेतीची फेरीबोट धरतो. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही, पलीकडे उतरायचं, चहा घ्यायचा, पुढच्या बोटीने परत. नदी तीच.

शेवटचं, आणि यावर दरवर्षी कोणाची तरी गाडी चुकते: पणजीला रेल्वे स्टेशन नाही. जवळचं करमळी, बऱ्याच गाड्या मात्र मडगावला, तेहतीसेक किलोमीटरवर. आठनंतर मडगावच्या बसेस विरळ होतात. रात्रीची गाडी असेल तर सात वाजता "जरा काजू घेऊन येतो" म्हणून गायब होऊ नका. काजू मडगावातही मिळतात.