नव्या पेशंटची हिस्टरी: ओपीडीतली पहिली पंधरा मिनिटं

१९७५ साली ब्रिटनमध्ये ८० नव्या पेशंटांचा एक साधा अभ्यास झाला. आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि नीट हिस्टरी (पेशंटला विचारून मिळालेली आजाराची माहिती) घेऊन डॉक्टरांनी आपलं निदान लिहून ठेवलं. त्यांतल्या ६६ जणांच्या बाबतीत शेवटीही तेच निदान कायम राहिलं. अंग तपासल्यामुळे निदान बदललं ते ७ जणांचं, लॅबच्या तपासण्यांमुळे आणखी ७ जणांचं. तपासण्या आज कितीतरी वाढल्या आहेत, पण त्यांतली कोणती करायची हे अजूनही हिस्टरीच ठरवते. पुढचं सगळं इंटर्नसाठी आणि नव्यानं ओपीडीत बसणाऱ्यांसाठी आहे.

बसायच्या आधी

पेशंट दारातून आत येतो तेव्हा केसपेपरात नव्हे, त्याच्याकडे बघा. स्वतः चालतोय की कुणाला धरून? एक वाक्य एका दमात पुरं होतं का? छातीत दुखतंय आणि घाम फुटलाय, तर हिस्टरी तिथंच थांबवा. १० मिनिटांच्या आत ईसीजी झाला पाहिजे. तोंड वाकडं, एक हात लुळा असेल तर एकच प्रश्न आधी विचारा: ‘शेवटचं अगदी ठीक कधी होते?’ लकव्यात मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि घड्याळ त्या क्षणापासून सुरू होतं. सकाळी उठल्यावर लक्षात आलं असेल तर झोपण्याची वेळ धरायची, उठण्याची नाही.

स्टूल टेबलाच्या पलीकडे न ठेवता कोपऱ्याला, आपल्या बाजूला ठेवा. आपलं नाव सांगा. पेशंटला ‘तुम्ही’च म्हणायचं, मग वय, कपडे काहीही असोत. आजी, बाबा, काका, ताई हे सगळं चालतं. ‘मावशी’ आणि ‘मामा’ मात्र जपून. दवाखान्यात ही हाक आयांना आणि वॉर्डबॉयना असते, आणि पेशंटला ते ठाऊक असतं.

पहिला प्रश्न आणि मग गप्प

‘काय झालंय?’ असं विचारलं की पेशंट निदान सांगतो: ‘पित्त झालंय.’ ‘काय त्रास होतोय?’ असं विचारलं की त्रास सांगतो. फरक बारीक आहे, पण पुढची दहा मिनिटं त्यावर ठरतात.

विचारल्यावर थांबा. १९८४ च्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते. स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली पेशंटांना मधे न अडवता बोलू दिलं, तर ते सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. म्हणजे ‘बोलू दिलं तर ओपीडी संपायची नाही’ ही भीती पोकळ आहे. नुकसान मात्र खरं आहे, कारण पहिली तक्रार ही बहुतेक वेळा सांगायला सोपी म्हणून पहिली असते. गुडघा आधी येतो, शौचातून पडणारं रक्त नंतर. या दीड मिनिटात लिहू नका, ‘हं, मग?’ एवढंच.

शब्द उलगडा

खरं काम इथं आहे. पेशंटचा शब्द जसाच्या तसा इंग्रजीत उतरवला की हिस्टरी बिघडते.

‘चक्कर’ म्हणजे किमान चार गोष्टी. आजूबाजूचं गरगर फिरणं. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी. चालताना तोल जाणं. आणि काही जण चक्क बेशुद्ध पडण्यालाही ‘चक्कर आली’ म्हणतात. पहिल्यात कानाकडे बघायचं, दुसऱ्यात रक्त कमी आहे का, अंगातलं पाणी कमी झालंय का आणि बीपीची गोळी वाढवली का हे पाहायचं. ‘चक्कर हा शब्द न वापरता सांगा’ म्हटलं की गाठ सुटते.

‘पित्त’ म्हणजे छातीतली जळजळ, अंगावर उठणाऱ्या गांधी किंवा उलटी झाली की थांबणारी अर्धशिशी. तिघांची औषधं वेगळी. ‘गॅस’ हा तर सगळ्यात धोक्याचा शब्द. पन्नाशीच्या माणसाला ‘छातीत गॅस धरतो’ असं असेल तर विचारा: चढावर येतो का? थांबलं की पाच-दहा मिनिटांत जातो का? उत्तर हो असेल तर तो गॅस नाही, हृदय आहे.

‘अशक्तपणा’ म्हणजे थकवा की खरंच ताकद गेलीय? ‘पायातली चप्पल नकळत सुटते का? जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का? केस विंचरताना हात भरून येतो का?’ यांतल्या एकालाही हो आलं तर टॉनिक लिहून मोकळं होऊ नका.

‘अंगावरून जातं’ म्हणजे योनिमार्गातून पांढरं किंवा लाल जाणं. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे लकवा. ‘उन्हाळी लागली’ म्हणजे लघवीला जळजळ. ‘औषध गरम पडलं’ याला ॲलर्जी समजून केसपेपरावर लाल शाईनं लिहू नका. आधी काय झालं ते विचारा. तोंड आलं किंवा पोटात आग पडली असेल तर ती ॲलर्जी नव्हे. गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला तर ती ॲलर्जी. एका चुकीच्या लाल रेघेमुळे माणसाला जन्मभर पेनिसिलिन मिळत नाही.

दम किती लागतो हे आकड्यांत विचारू नका. पूर्वी देवळापर्यंत न थांबता जात होता का, आता कुठे थांबता? रात्री किती उशा लागतात हा पुस्तकातला प्रश्न उशी न घेणाऱ्या घरात फुकट जातो. ‘आडवं झाल्यावर दम लागतो का, उठून बसावं लागतं का?’ हे विचारा.

दुखण्याबद्दल ठरलेले प्रश्न सगळ्यांना पाठ असतात: कुठे, कधीपासून, अचानक की हळूहळू, कसं (कळ, ठणका, जळजळ, चमक), कुठे पसरतं, कशानं वाढतं-कमी होतं, सोबत काय. त्यांत एकाची भर घाला: ‘यामुळे कोणतं काम बंद पडलंय?’

‘बरेच दिवस झाले’

या उत्तरावर ‘म्हणजे किती?’ असं विचारून आकडा मिळतो, पण तो अंदाजपंचे असतो. सणावारांना बांधा: दिवाळीत होतं का? पेरणीच्या वेळी? पाळीची तारीखही चतुर्थी, अमावास्येवरून चटकन आठवते. वय माहीत नसलेल्या आजोबांना १९७२ च्या दुष्काळात किंवा कोयनेच्या भूकंपात (१९६७) ते केवढे होते, लग्न झालं होतं का, हे विचारा.

खोकल्याला मात्र आकडा हवाच. दोन आठवड्यांच्या वर खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम, यांतलं काहीही असेल तर टीबीची तपासणी.

जुने आजार आणि औषधं

‘आधीचा काही आजार?’ याला गोळीवर बीपी ताब्यात असलेला माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. म्हणून ‘रोज कुठली गोळी घेता? कधी घेत होतात आणि सोडली? कुणी सोडायला सांगितली?’ असं विचारा. हॉस्पिटलात रात्र काढावी लागली का? बायकांच्या बाबतीत ‘ऑपरेशन’ म्हणजे बहुधा कुटुंबनियोजनाचं. ‘पिशवी (गर्भाशय) काढली आहे का?’ हे वेगळं विचारावं लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना तर नक्कीच, अगदी तिशीतल्या असल्या तरी.

औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा. नसेल तर पुढच्या वेळी रिकाम्या पाकिटांसकट आणायला सांगा. सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या बिननावाच्या पुड्या दिसल्या आणि चेहरा गोल सुजलेला असेल तर त्यांत स्टिरॉइड आहे असं धरून चाला आणि त्या एकदम बंद करू नका.

सवयी, काम, घर

‘व्यसन आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. मिश्री लावणाऱ्या आजींच्या लेखी ते दात घासणं आहे. नाव घेऊन विचारा: मिश्री, तंबाखू-चुना, मावा, विडी. विडीचं बंडल किती दिवस पुरतं? दारू किती याला ‘कधीतरी’ असं आलं तर ‘क्वार्टर की नव्वद?’ असं सहज विचारा. ४२.८ टक्क्यांच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. शेवटचा पेग कधी हेही हवं, कारण दाखल केलेल्या माणसाचे हात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरू लागतात तेव्हा ते उपयोगी पडतं.

कामाचं नुसतं नाव पुरत नाही. ‘शेती’ म्हणजे फवारणी का? २०१७ साली यवतमाळमध्ये कापसावरच्या फवारणीनं विषबाधा होऊन शेतकरी दगावले, ते विसरण्यासारखं नाही. कोकणात भातलावणीच्या चिखलातला ताप म्हणजे आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), दोडामार्गकडे काजूच्या बागेतून आलेला ताप असेल तर माकडताप आठवावा. उपवास कोणते, हे डायबेटिसवाल्याला विचाराच. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेऊन निर्जळी एकादशी केली की साखर घसरते. माळकरी असेल, दूधही कमी, तर हातापायांच्या मुंग्यांमागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. लग्न नात्यातलं का, हाही प्रश्न यातच.

नातेवाईक बाहेर

सासूसमोर सून अंगावरून जाण्याचं बोलणार नाही, मुलासमोर बाप दारूचं बोलणार नाही. ‘जरा तपासायचंय, बाहेर थांबा’ हे सगळ्यात बिनबोभाट निमित्त. पुरुष डॉक्टर असेल तर सिस्टर आत हवी. झोप कशी आहे इथून सुरू करून ‘जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ हे सरळ विचारा. विचारल्यानं ते मनात भरत नाही. उत्तर हो असेल तर घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय हे लगेच विचारा, एकटं घरी पाठवू नका, आणि टेली-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) १४४१६ हा नंबर लिहून द्या.

उठण्याआधी

आपण ऐकलं ते तीन वाक्यांत परत सांगा. पेशंट एक तरी चूक दुरुस्त करतोच. मग ‘आणखी काय सांगायचं राहिलं?’ ‘आणखी काही नाही ना?’ असं विचारलं तर दार बंद होतं, आणि खरी तक्रार चप्पल घालताना निघते.

गर्दीत पाचच मिनिटं असतील तर कुटुंबाचा इतिहास आणि नात्यातलं लग्न पुढच्या भेटीवर ढकला. पहिलं दीड मिनिट, चालू औषधं, ॲलर्जी आणि हा शेवटचा प्रश्न यांना कात्री लावू नका.

केसपेपरावर तक्रार पेशंटच्या शब्दांत, सगळ्यात जुनी आधी, आणि कंसात आपला अर्थ: ‘छातीत गॅस, पोळ्यापासून (चढावर येतो, थांबल्यावर ५ मिनिटांत जातो). विडी रोज १५, २० वर्षं. बीपीची गोळी २ महिने बंद, संपली म्हणून. ॲलर्जी नाही, विचारलं.’