यॉटने कोकणात जाताय? पूल नंतर, धक्का आधी

रिसॉर्ट निवडताना सगळे आधी स्विमिंग पूल बघतात. समोर अख्खा समुद्र असताना! बुकिंगआधी एवढंच विचारा: पूर्ण ओहोटीला बोट धक्क्याला, म्हणजे जेटीला, लागते का? ‘लागते की’ एवढ्यावर समाधान मानू नका. धक्क्यापाशी पाणी किती उरतं, ते तिथल्या एखाद्या तांडेलाकडून, म्हणजे बोट हाकणाऱ्या नाखव्याकडून, काढून घ्या. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, आणि भरतीला झोकात आत शिरलेली यॉट ओहोटीला गाळात रुतून बसते.

भरतीचा कोळी हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, म्हणून निघण्याआधी भरतीचं कोष्टक बघाच. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खोल जाते, त्यामुळे तेव्हा जास्त जपायचं.

दुसरं म्हणजे वारा. तारकर्लीच्या उघड्या किनाऱ्यावरून देखावा झकास, पण दुपारी वायव्येचा वारा सुटला की नांगरलेली बोट हिंदकळत राहते. मी तरी देवबागला कर्ली खाडीच्या अंगाची खोली घेईन. जून ते ऑगस्ट मात्र बेतच नको.