‘चार्ज’चा अर्थ वाक्यातून कसा पकडायचा

‘चार्ज’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ क्रमांक घालून पाठ करा, असं सांगणाऱ्याला एकदा इंग्रजी उताऱ्यासमोर बसवावं. पाठ केलेल्यांपैकी इथे कुठला, हे ती यादी सांगत नाही.

पहिल्यांदा, बोलण्यातले चार्ज वहीत उतरवा: मोबाईल चार्जिंगला, बँकेचे चार्जेस, नव्या साहेबांनी चार्ज घेतला, चार्जशीट, लाठीचार्ज.

मग त्यांचं मूळ बघा. गाडीवर माल लादणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणजे भार. आपणही पदभार, विद्युत प्रभार, प्रभारी मुख्याध्यापक म्हणतोच. खिशावर पडला की शुल्क, माथी आला की आरोप. लाठीचार्जमधलं धावून जाणं मात्र ओढूनताणून यात बसवू नका.

आता वाक्यात ‘चार्ज’च्या पुढे येणारा छोटा शब्द. ‘फॉर’ आला की बहुधा पैसे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या विक्रीपट्टीवर हमाली लागते, तसे. ‘टू’ आणि पुढे खातं असेल, तर खात्यावर मांडणे. ‘ॲट’ म्हणजे अंगावर जाणे.

खरी गोची ‘विथ’ची. मीही इथेच बराच काळ अडखळायचो. ‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला. इथवर ठीक. पण ‘शी वॉज चार्ज्ड विथ कीपिंग द अकाउंट्स’ आलं, की वर्गातली निम्मी पोरं बचतगटाच्या खजिनदार बाईंना थेट कोर्टात उभं करतात! बाईंवर हिशेबाचं काम सोपवलंय, एवढंच. ‘चार्ज्ड विथ म्हणजे आरोप’ हे समीकरण वहीत असेल तर आत्ताच खोडा. ‘विथ’पाशी थांबायचंच नाही, त्यापुढचं नाम वाचायचं. गुन्हा असेल तर आरोप, काम असेल तर जबाबदारी.

बातम्यांत तर ‘विथ’ गाळूनही लिहितात. नुसतं ‘चार्ज्ड’ दिसलं, की आजूबाजूला पोलीस आहेत, बिल आहे की बॅटरी, ते शोधा. त्याशिवाय पेन टेकवू नका.

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत कर्ता बघा. नर्स ‘इन चार्ज ऑफ’ वॉर्ड. वॉर्ड ‘इन द चार्ज ऑफ’ नर्स. त्या ‘द’ने वाक्य उलटं फिरतं, पण वॉर्ड दोन्हीकडे नर्सच सांभाळते.

‘डिस्चार्ज’ वेगळा शिकायची गरज नाही. बॅटरी उतरली काय, मिरजेच्या दवाखान्यातून पेशंट घरी सोडला काय, भार उतरला.