पहिल्या स्प्रिंट ट्रायथलॉनची तयारी: पाणी, ट्रान्झिशन आणि जड पाय

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं, मध्ये घड्याळ न थांबता. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये आलेल्या ट्रायथलॉनचं हे बरोबर निम्मं अंतर. नोकरी सांभाळून रोज पहाटे तासभर काढणाऱ्याला दहा-बारा आठवड्यांत जमण्यासारखी ही शर्यत आहे. पहिल्या वेळी दमसास कमी पडला म्हणून ती फारशी कुणाची बिघडत नाही. बिघडते ती पाण्यातल्या पहिल्या दोनशे मीटरांत आणि सायकलच्या रॅकपाशी. सरावही त्याच हिशोबाने करा.

वेळेचा अंदाज आधी कागदावर मांडा. शंभर मीटरला २ मिनिटं ४० सेकंद लागत असतील तर पोहायला २० मिनिटं. ताशी २५ किलोमीटरने सायकलला ४८ मिनिटं, किलोमीटरला ७ मिनिटांनी धावायला ३५. दोन्ही ट्रान्झिशनची (पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्याकडे जातानाची अदलाबदल) मिळून ५ मिनिटं धरली की १ तास ४८ मिनिटं होतात. पहिल्या शर्यतीला ही चांगली वेळ आहे.

पाणी

२५ मीटरच्या टँकमध्ये ७५० मीटर म्हणजे ३० लेंग्थ. पण टँकमध्ये दर लेंग्थला भिंत मिळते, पायाने ढकलता येतं, क्षणभर विश्रांती होते. तळ्यात किंवा समुद्रात यातलं काही नाही. त्यामुळे टँकमध्ये न थांबता १००० मीटर होईपर्यंत तयारी झाली असं समजू नका, आणि शेवटच्या काही लेंग्थ भिंतीला हात न लावता, पाण्यातच वळून करा.

विहिरीत किंवा नदीत पाठीला डबा बांधून शिकलेल्यांची अडचण वेगळी. त्यांना खोलीची भीती नसते, पण डोकं पाण्याबाहेर ठेवायची सवय असते. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, मग तरंगायला पाय जोरात मारावे लागतात आणि सायकलसाठी लागणारे पाय पाण्यातच संपतात. नजर तळाकडे ठेवा, श्वास पाण्यातच पूर्ण सोडा, तोंड फक्त श्वास घ्यायला बाजूला वळवा. ही सवय मोडायला तीन-चार आठवडे जातात, म्हणून सुरुवातीलाच हाती घ्या.

मातकट पाण्यात तळ दिसत नाही, रेषा नसतात. दर आठ वेळा हात मारले की मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढा, दिशा पाहा, मग बाजूला वळून श्वास घ्या. बॉया (वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगणारा फुगा) लाटांमध्ये लपतो, म्हणून त्याच्या मागे सरळ रेषेत एखादं उंच झाड, मंदिराचा कळस किंवा टॉवर आधीच हेरून ठेवा. सकाळी पूर्वेकडे पोहायचं असेल तर गडद काचेचा गॉगल हवा. त्याचा पट्टा टोपीच्या आत घाला, म्हणजे कुणाचा हात लागला तरी गॉगल निघत नाही.

शिट्टी वाजली की सगळेच जोरात सुटतात. नवखा माणूस त्या ओढीने पन्नास मीटर ताकदीने मारतो, श्वास कोंडतो, छाती आवळल्यासारखी होते आणि आपण बुडतोय असं वाटायला लागतं. अशा वेळी पाठीवर उलटून दहा संथ श्वास घ्या किंवा ब्रेस्टस्ट्रोक करा. कुठल्याही प्रकारे पोहायला परवानगी असते. मदतीला असलेला कयाक, म्हणजे छोटी होडी, धरून थांबताही येतं, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. सुरुवातीला मागे आणि कडेला उभं राहिलात तर हा प्रसंग बहुधा येणारच नाही. श्वास थाऱ्यावर येत नसेल, छातीत दुखत असेल तर हात वर करून मदत मागा आणि बाहेर या.

हौशी गटात या अंतराला पाणी २२ अंशांच्या वर असेल तर वेटसूट (अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख) चालत नाही. गोव्याच्या समुद्रात तो प्रश्नच येत नाही, तेव्हा तो खर्च वाचला. मात्र खाऱ्या पाण्याने मान आणि काख सोलवटते, तिथे व्हॅसलिन लावा. ओपन वॉटरचा सराव कधीही एकट्याने करू नका. धरणाच्या पाण्यात गाळ, बुडालेली झाडं आणि मासेमारीची जाळी असतात. पावसाळ्यात समुद्रात उतरूच नका. कमरेला भगव्या रंगाचा फ्लोट बांधा, जाणकार सोबतीला घ्या.

ट्रान्झिशन

आदल्या दिवशी जागा दिसली की पाण्याकडून येणाऱ्या वाटेने चालत जा आणि आपला रॅक कितव्या ओळीत आहे ते मोजून ठेवा. पाण्यातून बाहेर आल्यावर डोकं गरगरतं आणि सगळ्या सायकली सारख्याच दिसतात.

जमिनीवर पंचा अंथरा. सायकलचे बूट पुढे, धावायचे मागे. मोज्यांत टाल्कम पावडर टाकून ते अर्धे गुंडाळून ठेवा, ओल्या पायात पटकन चढतात. पायाची वाळू धुवायला पाण्याची एक जादा बाटली हवी. वाळूचा एक कण ५ किलोमीटरमध्ये फोड आणतो. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर काढून, आत सायकलचा गॉगल. धावायच्या बुटांना नाड्यांऐवजी इलॅस्टिक लावा. नंबर बेल्टवर टाचा: सायकलवर पाठीकडे, धावताना पोटाकडे. टायमिंग चिप डाव्या घोट्याला बांधा, कारण उजवीकडे चेन असते.

एक नियम अंगवळणी पाडा: रॅकवरून सायकल काढण्याआधी हेल्मेटचा क्लिप लावायचा आणि परत रॅकवर टांगल्यावरच काढायचा. घाईत हेच चुकतं आणि दंड बसतो. सायकलवर बसायचं ते माउंट लाइन ओलांडून, उतरायचं डिसमाउंट लाइनच्या आधी. इअरफोनला बंदी, उघड्या अंगानेही चालत नाही. घरी अंगणात किंवा पार्किंगमध्ये ही अदलाबदल दहा वेळा करा. तीन मिनिटांत पहिली, दोन मिनिटांत दुसरी जमली की पुरे.

सायकल

हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाइक) चालते. कॅरियर काढा, हँडलची उघडी टोकं प्लगने बंद करा, ब्रेक तपासा. ७० किलोच्या माणसाला २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण ८० ते ९० पीएसआय हवा पुरते. टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नका. रॅकवर टांगताना गिअर हलका करून ठेवा. गतिरोधकावर सीटवरून थोडं उठा, नाहीतर बाटली उडून जाते. ड्राफ्टिंग (वारा टाळायला दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवणं) बंद असेल तर पुढच्या सायकलच्या मागे १० मीटरचं अंतर राखा. पेडल मिनिटाला ८५-९० फिरतील असा गिअर निवडा. जड गिअर दाबत राहिलात की त्याची किंमत धावताना मोजावी लागते.

शर्यतीआधी अडीच तास केळी, ब्रेड-जॅम असं हलकं खा. साबुदाण्याची खिचडी तूप आणि दाण्याच्या कुटामुळे जड पडते. बाटलीत अर्धा लिटर पाणी, एक लिंबू, पाच-सहा चमचे साखर, पाव चमचा मीठ घ्या आणि सायकलवर थोडं थोडं संपवा. सरावात न प्यायलेलं काही त्या दिवशी पिऊ नका.

धावताना पहिला किलोमीटर पाय लाकडासारखे वाटतात. आठवड्यातून एकदा १५ किलोमीटर सायकल आणि लगेच २ किलोमीटर धावण्याची ब्रिक केली असेल तर घाबरायला होत नाही. पहिला किलोमीटर ठरल्यापेक्षा वीस-तीस सेकंद सावकाश, पावलं छोटी. पुढे पाय आपोआप मोकळे होतात. प्रत्येक ठाण्यावर दोन घोट पाणी, उरलेलं डोक्यावर.

शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. चिप परत करा. हातावर लिहिलेला शर्यतीचा नंबर सायकल बाहेर काढेपर्यंत पुसू नका, कारण तो सायकलच्या नंबराशी जुळवूनच ती सोडतात.