लेकराला अचानक इन्सुलिन लागतं तेव्हा घरच्यांनी काय करायचं

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये मूल सारखं पाणी मागू लागलं की ‘ऊन बाधलंय’ म्हणून आपण ग्लुकोज पावडर कालवून देतो. त्याआधी लघवीकडे बघा. उन्हानं तहानलेल्या मुलाची लघवी कमी आणि पिवळी होते. पण ते तांब्या तांब्या पाणी पिऊन सारखं बाथरूमला पळत असेल, मोठं झाल्यावर पुन्हा अंथरूण ओलं करत असेल, युनिफॉर्म सैल व्हायला लागला असेल, तर त्याच दिवशी बोटातून रक्त काढून साखर तपासा. उपाशीपोटी रक्त देऊ म्हणून उद्यावर ढकलू नका. अशी लक्षणं असताना साखर २०० किंवा त्याहून जास्त आली तर तो मधुमेहच.

उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला फळासारखा गोडसर वास, पेंग येणं, यातलं काही दिसलं तर रात्र काढू नका, थेट मुलांच्या अतिदक्षता विभागाची सोय असलेलं रुग्णालय गाठा. वाटेत कुणी अशक्तपणासाठी ग्लुकोजची बाटली लावायला निघालं तर ‘आधी साखर बघा’ असं ठामपणे सांगा.

माझी लेक चौथीत असताना हा आजार घरात आला. सासूबाई कित्येक दिवस स्वतःला दोष देत होत्या, गड्ड्याच्या जत्रेत नातीला हवं ते खाऊ घातलं म्हणून. त्यांना जे समजावलं तेच तुम्हीही घरच्यांना समजावा. टाइप १ मधुमेह गोड खाऊन होत नाही. जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच टी पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटतात. हे काम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप चालतं. बऱ्याचशा बीटा पेशी निकामी झाल्या की मगच साखर चढते, म्हणून आपल्याला आजार एकाएकी आल्यासारखा वाटतो. तापात इन्सुलिनची गरज वाढते, त्यामुळे एखाद्या साध्या तापानंतरही तो उघडा पडतो.

डॉक्टरांना जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८ या अँटीबॉडींबद्दल आणि सी-पेप्टाइडबद्दल विचारा. अँटीबॉडी म्हणजे हल्ला चालू असल्याची खूण. नासधूस मुख्यतः टी पेशी करतात. सी-पेप्टाइडवरून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते कळतं. इन्सुलिनविरुद्धची अँटीबॉडी तपासायची असेल तर रक्त इंजेक्शनं सुरू करण्याआधी किंवा अगदी पहिल्या काही दिवसांतच घ्यावं लागतं, कारण बाहेरून दिलेल्या इन्सुलिनविरुद्धही अँटीबॉडी तयार होतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून टाइप १ नाहीच असं होत नाही. आणि रिपोर्टसाठी इन्सुलिन कधीच थांबवायचं नाही.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत साखर छान सुधारते, डोस निम्म्यावरही येतो. उरलेल्या बीटा पेशींना जरा उसंत मिळालेली असते, बाकी काही नाही. डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतात. नेमक्या याच दिवसांत कुणी काढा आणतं, कुणी कारल्याची पावडर, कुणी गावाकडच्या वैद्याचा पत्ता देतं, आणि साखर आधीच सुधारलेली असल्यामुळे श्रेय त्या पुडीला जातं. हात जोडून सांगते, या काळात इन्सुलिन बंद करू नका. डोस कमी करायचा तो फक्त डॉक्टरांनी. टी पेशींचं काम चालूच असतं, आणि इन्सुलिन तुटलं तर मूल काही तासांत, फार तर एखाद-दोन दिवसांत अत्यवस्थ होऊ शकतं.

मूल आजारी असेल, जेवत नसेल, तरी इन्सुलिन पूर्ण बंद नाही. साखर वरचेवर बघा, कीटोनची (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणाऱ्या आम्लाची) तपासणी करणारी पट्टी घरात ठेवा, डॉक्टरांना फोन करा. साखर ७० च्या खाली गेली आणि मूल शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. शाळेच्या बाईंना हे कागदावर लिहून द्या.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हा वापरात असलेलं इन्सुलिनचं पेनही फ्रिजच्या दारात ठेवा. वीज गेली तर मातीच्या भांड्यात दुसरं छोटं मडकं, मधे ओली वाळू. पेन आतल्या मडक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.

थायरॉइड आणि सीलिएकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) तपासणीही करून घ्या, कारण तीच रोगप्रतिकारशक्ती तिथेही उलटू शकते. सीलिएक निघालाच तर गहू पूर्ण सुटतो. ज्वारीची भाकरी चालते, मात्र ज्वारी दळताना जात्यात किंवा गिरणीत गव्हाचं पीठ राहिलेलं नसावं. आणि भाकरीनंही साखर वाढते, ती मोजूनच.

घरात धाकटं भावंड असेल तर त्याच्याही अँटीबॉडी तपासता येतात. एकापेक्षा जास्त अँटीबॉडी सापडल्या तर साखर नॉर्मल असतानाच त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. अमेरिकेत २०२२ मध्ये टेप्लिझुमॅब हे औषध मंजूर झालं. ते टी पेशींना आवर घालून आजार सुरू होणं लांबवतं. आमच्या धाकट्याची तपासणी आम्ही केली आणि लेकीच्या फाइलमध्येच त्याचाही रिपोर्ट लावून ठेवला.