शालेय ग्रंथालय वेबवर नेताना प्रशिक्षणार्थी ग्रंथपालांनी टाळाव्यात अशा चुका

माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात प्रशिक्षणासाठी रुजू झालेल्या उमेदवाराकडून हल्ली पहिली अपेक्षा असते ती पुस्तकांची यादी ऑनलाइन करून देण्याची. त्यामागोमाग सॉफ्टवेअरचा प्रश्न येतो. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालेली आणि २००० सालापासून मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध असलेली ‘कोहा’ प्रणाली घ्यावी, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ घ्यावी, की गूगल शीट्सवर भागवावे, या चर्चेत बराच वेळ जातो. दोन-तीन हजार पुस्तकांच्या शाळेला यांपैकी काहीही चालते. कपाटात असलेले पुस्तक शोधात ‘सापडले नाही’ असे उत्तर आले की सगळे प्रणालीला दोष देतात. प्रत्यक्षात तो दोष बहुधा कित्येक महिन्यांपूर्वी घाईने टंकलेल्या एखाद्या नोंदीत दडलेला असतो.

पुस्तक आहे, पण शोधात येत नाही

या तक्रारीची कारणे अनेक आहेत आणि ती तपासण्याचा क्रम ठरवून घेतला तर बराच त्रास वाचतो. सर्वप्रथम नोंद युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षर-संकेतात, आहे का ते पाहावे. शाळेच्या जुन्या संगणकावरील याद्या श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात. या पद्धतीत पडद्यावर अक्षर मराठी दिसले तरी आत साठवलेले चिन्ह रोमन लिपीचे असते. त्यामुळे तोच मजकूर वेबवरील रकान्यात चिकटवला की निरर्थक अक्षरांची रांग उमटते. परिवर्तक वापरून असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, परंतु जोडाक्षरे, रफार आणि विरामचिन्हे यांत चुका राहतात, म्हणून परिवर्तनानंतर मुद्रितशोधन करावेच लागते. ते टाळून हजारभर नोंदी एका दमात प्रणालीत चढवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. आधी वीस-पंचवीस नोंदी चढवाव्यात, त्या शोधून पाहाव्यात आणि मगच पुढे जावे.

युनिकोडमध्ये टंकूनही शोध फसतो, तेव्हा ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांकडे पाहावे. यांतील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, तर दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. कागदावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, मात्र साध्या शोधाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. दोन जणांनी दोन वेगळे कळफलक वापरून यादी भरली असेल तर अर्धी ‘वऱ्हाडी’ पुस्तके एका शोधात आणि उरलेली दुसऱ्या शोधात येतात. हाच प्रकार ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’, ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ यांबाबत घडतो. नोंदी भरणाऱ्या सर्वांनी एकच कळफलक वापरावा, शक्यतो इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाणित कळफलक, आणि लेखनाचा नियम एका पानावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावा. जुन्या नोंदींसाठी ‘शोधा आणि बदला’ ही सोय पुरते. ती चालवण्यापूर्वी फाइलची प्रत मात्र काढून ठेवावी.

लेखकाच्या नावाचा घोळ याहून मोठा आहे. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल.देशपांडे’ आणि ‘देशपांडे, पु. ल.’ ही तिन्ही रूपे एकाच यादीत असतील तर माणूस ती ओळखेल, गाळणी लावणारा संगणक ओळखणार नाही. टोपणनावांनी गुंता आणखी वाढतो. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मुले ‘कुसुमाग्रज’ असा शोध घेतात आणि त्यांना कवितासंग्रह मिळतात. नाटके व कादंबऱ्या ‘वि. वा. शिरवाडकर’ या नावाखाली असल्याने त्या दिसतच नाहीत. कार्डतालिकेच्या काळात ग्रंथपाल यासाठी ‘पाहा’ असे संदर्भकार्ड घालत असत आणि ती रीत वेबवर सोडून देण्याचे काही कारण नाही. कोहामध्ये नावांच्या अधिकृत रूपांची स्वतंत्र यादी ठेवता येते. शीटवर काम करणाऱ्यांनी ‘लेखकाचे अन्य नाव’ असा एक रकाना वाढवला तरी भागते.

शेवटी अंक. दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक प्रतीला नोंदवहीत दिलेला क्रमांक, काही ओळींत मराठी अंकांत आणि काही ओळींत इंग्रजी अंकांत असेल, तर एकाच्या शोधात दुसरा येत नाही आणि क्रमवारीही कोलमडते. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर मराठी अंक शोभून दिसतात हे खरे, तरी प्रणालीत इंग्रजी अंक ठेवणे सोयीचे ठरते.

एक्सेल परस्पर करते ते बदल

यादी प्रणालीत चढवण्याआधी ती बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये तयार होते आणि तिथे दोन गोष्टी न सांगता बिघडतात. तेरा अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) अरुंद रकान्यात ‘९.७८ई+१२’ अशा संक्षिप्त रूपात दिसू लागतो. त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी मजकूर फाइल) म्हणून जतन केली तर पुढचे अंक कायमचे जातात. सुरुवातीची शून्येही गळतात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीतील ग्रंथालयशास्त्राचा ०२० हा वर्गांक नुसता २० होतो आणि विश्वकोशांचा ०३० हा ३० होतो. टंकायला बसण्यापूर्वीच या रकान्यांचे स्वरूप ‘टेक्स्ट’ असे करून घेणे हा यावरचा एकमेव खात्रीचा इलाज आहे. फाइल उघडल्यावर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर ती साध्या सीएसव्हीत जतन झाली आहे असे समजावे. मूळ एक्सेल फाइलवरून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडून ती पुन्हा जतन करावी. मूळ फाइल पुसून टाकली असेल तर प्रश्नचिन्हांतून अक्षरे परत मिळत नाहीत.

आयएसबीएनवर नको तितकी भिस्त

बारकोड वाचनयंत्र हाती आले की पुस्तकाच्या मलपृष्ठावरील आयएसबीएन वाचूनच देवघेव करण्याचा मोह होतो. एका पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाचही प्रतींवर तोच आयएसबीएन असतो, त्यामुळे आठवीच्या मुलीने नेलेली प्रत कोणती आणि कपाटात उरली ती कोणती हे प्रणालीला कळू शकत नाही. देवघेव दाखल क्रमांकावरच व्हावी. त्यासाठी प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांकाचा स्वतंत्र बारकोड छापून लावावा, आणि तोही प्रकाशकाच्या बारकोडपासून दूर लावावा, नाही तर यंत्र कधी हा वाचते तर कधी तो.

आयएसबीएन टाकून परदेशी ग्रंथालयांच्या तालिकेतून तयार नोंद आणण्याची सोय कोहात आहे. इंग्रजी पुस्तकांसाठी ती उत्तम आहे. मराठी पुस्तकाची नोंद मात्र अनेकदा रोमन लिप्यंतरात येते आणि सहावीतला विद्यार्थी त्या लिप्यंतराने शोध घेईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. अशी नोंद आणलीच तर शीर्षक आणि लेखक देवनागरीत पुन्हा लिहून मगच जतन करावी. जुन्या मराठी पुस्तकांवर तर आयएसबीएन नसतोच. तेथे शीर्षकपृष्ठ समोर ठेवून नोंद करण्याला पर्याय नाही. मुखपृष्ठावरून नोंद केली तर उपशीर्षक आणि आवृत्ती सुटतात.

दुवा उघडत नाही, किंवा नको त्यालाही उघडतो

‘फॉर्म उघडतच नाही’ अशी पालकांची तक्रार आली, की बहुतेक वेळा तो फॉर्म शाळेच्या गूगल खात्यातून तयार झालेला असतो आणि प्रतिसाद देण्याची मुभा संस्थेतील खात्यांपुरती मर्यादित राहिलेली असते. फाइल जोडण्याचा प्रश्न फॉर्ममध्ये असेल तर खात्यात प्रवेश केल्याशिवाय तो भरताच येत नाही. तयार करणाऱ्याला यातली एकही अडचण दिसत नाही, कारण त्याचे खाते उघडेच असते. म्हणून प्रत्येक दुवा पाठवण्यापूर्वी ब्राउझरच्या खासगी खिडकीत, आणि जमल्यास एखाद्या साध्या मोबाइलवर, उघडून पाहावा.

उलट बाजूची चूक अधिक गंभीर आहे. तक्रारी थांबाव्यात म्हणून ‘दुवा असलेल्या कोणालाही संपादन करता येईल’ हा पर्याय निवडला जातो आणि त्याच शीटमध्ये विद्यार्थ्यांची नावे, तुकड्या व पालकांचे मोबाइल क्रमांक असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीवर भर देतो. तो कायदा नसता तरी कोणत्या मुलाने कोणते पुस्तक नेले हे गावभर कळण्याचे कारण नाही. शीर्षक, लेखक, वर्गांक आणि उपलब्धता एवढ्याच रकान्यांची वेगळी शीट सार्वजनिक करावी, तीही केवळ पाहण्यासाठी. कोणी आधीच गडबड केली असेल तर गूगल शीट्सच्या आवृत्ती-इतिहासातून जुनी अवस्था परत आणता येते. त्यामुळे घाबरून नवी फाइल सुरू करू नये.

नव्या पुस्तकांची यादी सुंदर पोस्टरचे चित्र करून टाकण्याची प्रथाही तपासून पाहावी. चित्रातील अक्षरे पानाच्या शोधात येत नाहीत आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक सॉफ्टवेअर ती सहसा नीट वाचू शकत नाही. पोस्टर लावायचेच असेल तर खाली मजकूरही द्यावा.

भित्तीपत्रकावर क्यूआर कोड छापताना पत्ता थेट कोडमध्येच बसवणारा स्थिर प्रकार घ्यावा. काही मोफत सेवा मधला स्वतःचा दुवा घालतात आणि मुदत संपली की कोड निकामी होतो.

आयते मिळालेले पीडीएफ

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पुस्तकांची पीडीएफ ग्रंथालयाच्या पानावर चढवणे हा सरळ सरळ कायदेभंग ठरू शकतो. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० चे, त्यामुळे त्यांचे मूळ लेखन २०११ पासून मुक्त आहे. पु. लं.चे निधन २००० चे, म्हणजे त्यांच्या पुस्तकांना अजून बराच काळ हात लावता येणार नाही. मुक्त झालेल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतील चित्रे, प्रस्तावना किंवा अनुवाद यांचे हक्क वेगळे असू शकतात. शंका असेल तिथे पीडीएफ न ठेवता अधिकृत ठिकाणचा दुवा द्यावा. मराठी विश्वकोश आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके वेबवर वाचायला मिळतात, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरील मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली असल्याने श्रेय देऊन छापताही येतात.

खाते कोणाच्या नावावर?

प्रशिक्षणार्थी स्वतःच्या वैयक्तिक जीमेलवरून ग्रंथालयाचे संकेतस्थळ, फॉर्म आणि शीट तयार करतो, प्रशिक्षण संपवून जातो आणि शाळेच्या हाती फक्त दुवे उरतात. वैयक्तिक गूगल खाते दोन वर्षे वापरात नसेल तर ते सामग्रीसह हटवले जाऊ शकते. पहिल्या दिवशीच शाळेच्या नावाचे खाते मागून घ्यावे, त्याला कार्यालयातील मोबाइल क्रमांक जोडावा, द्विस्तरीय पडताळणी चालू करावी आणि परवलीचा शब्द मुख्याध्यापकांकडे मोहोरबंद पाकिटात द्यावा. दर महिन्याला संपूर्ण यादी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावी. कागदी दाखल नोंदवही मात्र बंद करू नये. साठा पडताळणीच्या वेळी तपासनीस तीच मागतात, आणि ऑनलाइन यादीतील क्रमांक तिच्याशी जुळत नसतील तर दुरुस्ती ऑनलाइन यादीत करावी लागते.